या जेवायला

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं इथंच थांबावं, मला राग नाही.

मी सुवर्णा. माहेर कासुर्डी, सासर केडगाव. जिच्या घरात हे घडलं ती माझी सख्खी चुलती, साखरबाई. आणि ज्याच्या पायी घडलं तो तिचा एकुलता एक मुलगा इंद्रजीत. घरचा इंद्या.

या इंद्याबद्दल आमच्या गावात एक बोलणं आहे. पोरगं परदेश बघून आलं आणि माजलं म्हणे. ओट्यावर जेवत बसलेलं असतं, समोरून वडीलधारं माणूस जातं, पण तोंडातून 'या जेवायला' एवढंसुद्धा निघत नाही. उलट ताट उचलून आत पळतं.

आता आमच्याकडं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला ठाऊकच असेल. जेवताना कुणी दिसलं की 'या जेवायला' म्हणायचं. येत कुणीच नाही. 'व्हय व्हय, चालू द्या' म्हणतो आणि पुढं जातो. तो येणार नाही हे आपल्याला माहीत असतं, त्यालाही माहीत असतं. तरी म्हणायचं असतं.

इंद्या का म्हणत नाही, ते मला माहीत आहे.

त्यानं मला भाऊबीजेला सांगितलं. ओवाळून झालं तरी पाटावरून उठेना. मान खाली घालून बोलत राहिला. उरलेलं मला काकींनी सांगितलं.

आणि हो... असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आधीच सांगते.

भर दुपार होती.

गेल्या श्रावणातली गोष्ट. इंद्या रांजणगावला एका कंपनीत आहे, परचेस खात्यात. शिरूरला रूम घेऊन राहतो, शनिवारी गावी येतो. ऑफिसात त्याला कुणी इंद्या म्हणत नाही बरं का. तिथं तो 'इंडी'. हे नाव त्याला खात्यातल्या सत्यजीतनं दिलं आणि आमच्या येड्याला ते एवढं आवडलं की फोनसुद्धा 'हाय, इंडी हिअर' म्हणून उचलायला लागला. काकींनी एकदा ते ऐकलं आणि राँग नंबर लागला म्हणून फोन ठेवून दिला.

सत्यजीत पुण्याचा. त्याच खात्यातली सृष्टीही पुण्याची. इंद्याला ती आवडायची. तोंडानं कधी बोलला नाही, पण तिच्यासमोर गावाचा विषय निघाला की गडी कुठल्या कुठं विषय न्यायचा.

या तिघांनी ठरवलं, श्रीलंकेला जायचं. सर्फिंगच्या कॅम्पला.

सर्फिंग म्हणजे काय, तर लाटेवर फळी टाकायची आणि तिच्यावर उभं राहायचं. जयसिंगकाकांनी, म्हणजे इंद्याच्या वडलांनी, हे नीट ऐकून घेतलं.

"आन् त्यासाठी इमानानं जायाचं?"

काकींना काळजी वेगळीच. "श्रावण हाय. तिथं समदं मासळीचं असंल. पोरगं खाईल काय?"

निघायच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी दशम्या केल्या. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या चार दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. सगळं स्टीलच्या डब्यात भरलं, डबा धडप्यात बांधला, वर घट्ट गाठ.

"आधी त्या पोरांना दे, मंग तू खा," काकी म्हणाल्या. "एकट्यानं खाऊ नगं."

इंद्यानं डबा स्वतःच्या हातानं बॅगेत ठेवला. उलटा होऊ नये म्हणून टॉवेलात गुंडाळून.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीला तोच डबा उघडायला लावला. चटणीचा वास सगळ्या रांगेत गेला. मागचा एक माणूस हसला.

"हे काय आणलंयस?" सृष्टीनं विचारलं. तिनं साधंच विचारलं होतं.

"आईनं टाकलं वाटतं. मला माहीतच नव्हतं," इंद्या म्हणाला.

हे पहिलं खोटं.

त्या किनाऱ्याचं नाव मी सांगत नाही. गाव पार लांब राहिलेलं. मागं झाडी, पुढं समुद्र, मध्ये झावळ्यांनी शाकारलेल्या चार खोल्या. कॅम्पचा मालक मोजकं बोलणारा माणूस होता, त्याची बायको रांधायची. फोनला रेंज आली तर आली.

इंद्या विहिरीत सूर मारणारा गडी. पण समुद्रानं त्याला पार धुऊन काढलं. फळीवर उभा राहिला की पडायचा, नाकातोंडात खारं पाणी. बरोबरचे गोरे टाळ्या वाजवायचे. तोही हसायचा, पण आतून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि जेवण! भाजीत सुकी मासळी, चटणीत सुकी मासळी. आमचा गडी नुसत्या भातावर.

"श्रावण पाळतोस की काय इंडी?" सत्यजीतनं थट्टा केली.

"छे! पोट बिघडलंय."

अहो, काय लाजायचं होतं त्यात? श्रावण पाळतो म्हणाला असता तर कुणी त्याला समुद्रात ढकलणार होतं का? पण नाही.

शेवटी एका दुपारी भूक आवरेना. सगळे आपापल्या खोलीत आडवे झाले होते. इंद्यानं टॉवेलाखाली डबा लपवला आणि किनाऱ्यानं चालत चालत खडकांच्या पलीकडं गेला. कॅम्पचं कुत्रं पायात घोटाळत मागं आलं. तिथं कुणी नव्हतं.

तो वाळूत बसला. काकींनी मारलेली गाठ सोडली. दशमी अजून मऊ होती. पहिला घास तोंडात गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं तो स्वतःच म्हणाला.

तेवढ्यात त्याला ती दिसली...

पाण्याच्या कडेकडेनं चालत येत होती. म्हातारी. अंगाला लुगड्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं, चिंब भिजलेलं. केस मोकळे, तेही ओले. इंद्याकडं तिचं लक्षसुद्धा नव्हतं. आपली खाली बघत चालली होती.

तोंडात घास. समोरून म्हातारं माणूस जातंय.

त्याच्या तोंडातून निघून गेलं.

"या आजी, जेवायला."

मराठीत. कासुर्डीच्या ओट्यावर बसल्यासारखं.

मग त्याचं त्यालाच हसू आलं. हिला काय कप्पाळ कळणार?

ती थांबली...

तिनं मान वळवली...

आणि आली.

इंद्या सांगतो, त्याच वेळी लाटांचा आवाज बंद झाला. लाटा येत होत्या, फुटत होत्या, फेस दिसत होता. आवाज मात्र नाही. कुत्रं शेपूट पायात घालून कॅम्पकडं पळत सुटलं.

म्हातारी त्याच्यासमोर बसली. पंगतीला बसतात तशी, एक गुडघा वर घेऊन. बसली तिथली वाळू ओली होत गेली. बोलली काहीच नाही. हात पुढं केला, तळवा वर. दिवसभर धुणं धुतल्यावर हात होतो ना, पांढराफटक, सुरकुतलेला... तसा तो तळवा होता.

"तेव्हा मी भ्यालो नव्हतो गं ताई," इंद्या मला म्हणाला. "मी बोलावलं, ती आली. मला बरंच वाटलं होतं."

त्यानं एक दशमी घेतली, वर चटणी ठेवली आणि तिच्या हातावर टेकवली.

"इंडी! अरे इथं काय करतोयस?"

खडकांवर सत्यजीत आणि सृष्टी उभे होते.

आणि इंद्यानं काय केलं असेल?

त्यानं दशमी मागं ओढली.

तिच्या हाताला टेकलेली दशमी. ओढून डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"कुणाशी बोलत होतास?" सृष्टीनं विचारलं.

म्हणजे त्यांना ती दिसत नव्हती. इंद्याच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. त्याच्या डोक्यात एकच, सृष्टीनं मला असं खाताना बघितलं.

"कुणाशी नाही."

"आणि तो डबा अजून आहे तुझ्याकडं?"

"टाकायलाच आणलाय," इंद्या म्हणाला. "खराब झालंय सगळं."

आणि ते खरं वाटावं म्हणून त्यानं डबा उघडला आणि सगळ्या दशम्या समुद्रात फेकून दिल्या. एकेक करून. चटणीसकट.

काकींनी पहाटे उठून केलेल्या.

मग तो त्या दोघांबरोबर निघाला, हसत, बोलत. खडकांवर चढून त्यानं एकदाच मागं बघितलं.

ती तिथंच बसली होती. हात तसाच पुढं...

आणि एवढ्या लांबून त्याला आवाज आला. अगदी कानापाशी.

आवंढा गिळल्याचा.

संध्याकाळी काकींचा फोन लागला. "खाल्ल्यास का रं दशम्या?"

"खाल्ल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. आवडल्या त्यांना."

"बघ! मंग जास्तीच्या बांधाय पायजे हुत्या मी," काकी म्हणाल्या. एवढ्या खूश झाल्या होत्या की काकांना हाक मारून सांगितलं, तेही त्याला ऐकू आलं.

त्या रात्रीच्या जेवणाला मालकाच्या बायकोनं चार ताटं मांडली. हे तिघंच होते. सत्यजीतनं बोटं वर करून दाखवलं, तीन, तीन. तिनं इंद्याच्या समोरच्या बाकड्याकडं बघितलं आणि ताट काही उचललं नाही.

बाकड्यावर ओला गोल डाग पडला होता... कुणी भिजल्या कपड्यानं बसल्यासारखा.

इंद्यानं भाताचा घास तोंडात घातला.

समोर आवंढा गिळल्याचा आवाज आला.

दुसरा घास. पुन्हा आवाज.

त्यानं ताट सारलं. त्या किनाऱ्यावरून समुद्रानं किती माणसं नेली, केव्हा नेली, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण काय केलं तेही सांगावं लागलं असतं ना.

उरलेले दिवस त्यानं चहा-बिस्किटावर काढले. शिरूरला आला, मेसमध्ये बसला, तिथंही समोरची खुर्ची ओली. आणि तो आवाज.

शनिवारी गावी आला. दिवेलागणीची वेळ. काकी भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या. पोरगं एवढ्या लांबून आलं, कुणाची नजर लागली असेल. त्यांनी तुकडा ओवाळून लांब टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं.

मग आत गेल्या आणि दुसरा तुकडा घेऊन आल्या.

"आता कुणाला?" इंद्यानं विचारलं.

काकी त्याच्या मागं बघत होत्या.

"त्यांना नगं व्हय? कवाच्या उभ्या हायत बिचाऱ्या. भिजल्यात किती! आरं, पाहुनं माणूस बाहेर उभं करून तू आधी काय आत आलास? लाज न्हाई वाटत?"

इंद्याच्या तोंडचं पाणी पळालं.

काकींनी कुणाला तरी आत घेतलं. बसायला पाट दिला, लुगडं दिलं. काका टीव्ही बघत होते, त्यांना काहीच दिसलं नाही. लुगडं घडी न मोडता पाटाशेजारी तसंच पडून राहिलं. पाट मात्र ओला झाला.

त्या रात्री काकींनी एक ताट जास्त वाढलं. ते ताट कुणी खाल्लं नाही.

आणि काकीही जेवल्या नाहीत.

आमच्याकडं घरची बाई पाहुण्याच्या आधी जेवत नाही. काकींनी तर उभ्या जन्मात हे मोडलेलं नाही. पाहुणी उपाशी आहे ना, मग आपण कसं खायचं? उद्या खातील, नव्या ठिकाणी लाजत असतील, असं म्हणून त्या झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इंद्या शिरूरला निघून गेला. हो, गेला! आवाज मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. मेसची खुर्ची कोरडी. घास सरळ खाली. त्याला वाटलं, सुटलो.

गुरुवारी काकांचा फोन आला.

"पोरा, तुझी आई जेवंना. पाहुनी उपाशी हाय म्हनती. कोन पाहुनी रं?"

काकांनी काकींना दौंडला दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. तपासण्या झाल्या, शरीरात काही दोष निघाला नाही. घरी आल्या की परत तेच. चहा चालायचा, पाणी चालायचं. घास तोंडापाशी नेला की हात थांबायचा.

मी केडगावहून भेटायला गेले तेव्हा ओळखू येईनात. गालांची हाडं वर आलेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

"काकी, खा ना दोन घास. माझ्यासाठी," मी म्हटलं.

"कसं खाऊ गं? समोर बसल्यात. हात पुढं करत्यात आन् घेत न्हाईत. काय चुकलं आसंल माझं?" काकी रडायला लागल्या. "माझ्या हातचं आवडत न्हाई वाटतं त्यांना."

हे त्या इंद्यासमोर बोलल्या. शनिवार होता, तो पायथ्याशी बसला होता. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. तो नुसता फरशीकडं बघत होता.

एक वाक्य बोलायचं होतं त्याला. आई, मी तिला बोलावलं आणि उपाशी ठेवलं. पण त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येत होतं. का ठेवलं? तुझ्या दशमीची लाज वाटली म्हणून. ते कसं बोलणार? त्यानं काय काय आणलं. फळं आणली, पावडरीचे डबे आणले. काकी मागच्या चुलीपाशी गेल्या की पाटासमोर ताट ठेवून हात जोडले, 'जेवा आजी, पाया पडतो.' ताटाला कुणी शिवलं नाही. जे बोलायचं ते सोडून त्यानं सगळं केलं.

पोटचा पोरगा. आई डोळ्यांदेखत वाळत चाललेली. आणि ह्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ऐकून मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पोळा झाला त्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन आला. काका रडत होते. मी तरी त्यांना कधी रडताना बघितलं नाही.

"आता पानी बी घेईना रं."

इंद्या ऑफिसातून तसाच उठला. गाडी काढली आणि न्हावऱ्यावरून, केडगावावरून थेट कासुर्डी. दुपार होती. काकी खाटेवर पडून होत्या. खाटेशेजारी पाट. पाट ओला होता.

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. परात घेतली, पीठ घेतलं.

"आई," त्यानं तिथूनच विचारलं, "दशमीला दूध किती घालायचं?"

खाटेवरून बारीक आवाज आला. "मावंल तेवढं. मीठ टाक चिमूटभर."

त्यानं मळायला सुरुवात केली. पीठ बोटांना चिकटायला लागलं, त्यानं आणखी पीठ घातलं, मग दूध घातलं. आणि मळता मळता त्यानं सांगितलं. सगळं. विमानतळावरचं. पोट बिघडलं म्हणाला ते. खडकापलीकडचं. हातावरून मागं ओढलेली दशमी. समुद्रात फेकलेल्या दशम्या. आवडल्या सगळ्यांना, असं फोनवर बोलला ते.

"त्यांच्यात मला लाज वाटली, आई. तुझ्या डब्याची लाज वाटली."

खाटेवरून काहीच आवाज आला नाही...

त्याला वाटलं, गेली. तो पिठाच्या हातानं धावत बाहेर आला.

काकी डोळे उघडे ठेवून वर पत्र्याकडं बघत होत्या. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं.

"माझ्या दशमीची," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्या पायांवर पडला.

"ते ऱ्हाऊ दे. पाय सोड," काकी म्हणाल्या. "आधी त्यांना वाढ. कवाच्या उपाशी ठेवल्यास त्या."

दशम्या वाकड्या झाल्या. एक करपली. त्यानं ताटात दोन ठेवल्या, चटणी वाढली, तांब्या भरला. पाटासमोर ताट ठेवून स्वतः समोर बसला, आणि या वेळी मनापासून म्हणाला.

"या आजी. जेवायला."

घरात एकदम शांत झालं... हायवेचा आवाज आमच्या घरात चोवीस तास येतो. तो आला नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थांबली. काटा मात्र फिरत होता.

इंद्याची वर बघायची छाती झाली नाही. त्यानं मान खालीच ठेवली.

मग त्याला ऐकू आलं... दशमी मोडल्याचं. चावल्याचं. सावकाश, दात नसलेलं माणूस खातं तसं.

आणि आवंढा.

पुन्हा हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा त्यानं वर बघितलं. ताट पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ होतं. कडेला थोडी वाळू होती.

"आता मला दे," काकी म्हणाल्या.

करपलेली दशमी राहिली होती. काकींनी ती दुधात कुस्करून खाल्ली. अर्धी. काका दारात उभे राहून बघत होते, त्यांना हुंदका आवरेना. इंद्याचा जीव भांड्यात पडला.

गोष्ट इथं संपली असती तर मी कशाला लिहायला बसले असते?

काकी भिंतीला धरून उठल्या. "निघाल्या त्या," म्हणाल्या. देव्हाऱ्यातला करंडा घेतला. बोटाला कुंकू लावलं आणि दारात, हवेत, कपाळाच्या उंचीवर टेकवलं.

बोट मागं घेतलं. बोट कोरं होतं...

खाली फरशीवर कुंकवाचा कणसुद्धा पडला नव्हता.

आणि मग काकींनी घरातून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जे म्हणतात तेच म्हटलं. हसून म्हटलं.

"या बरं का परत."

"आई!" इंद्या ओरडला.

"काय झालं?" काकी त्याच्याकडं वळल्या. "जानाऱ्या माणसाला काय जा म्हनायचं व्हय?"

पाट वाळला. काकी सावरल्या. भाऊबीजेला मी गेले तेव्हा पुरणपोळी करून वाढली त्यांनी मला. इंद्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आजपर्यंत नाही. फक्त एक झालं. तो शिरूरला निघाला की पूर्वी डबा बांधून तयार असायचा. आता नसतो. रागानं नाही हो, अगदी सहज म्हणतात, "तिकडं मेस हाय की तुझी. चांगलं मिळतं."

तो मागतही नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

परवा श्रावण लागला.

काल रविवारी संध्याकाळी इंद्या शिरूरला निघाला होता. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि त्याला दिसलं, ओट्यावर डबा. धडप्यात बांधलेला, वर घट्ट गाठ. दशम्यांचा वास. त्याला भरून आलं. आईनं मनातलं काढून टाकलं, असं वाटलं त्याला.

"माझ्यासाठी?" त्यानं विचारलं आणि हात पुढं केला. तळवा वर.

काकींनी डबा हळूच मागं ओढला.

"न्हाई रं. तुला कशाला? त्या यायच्या हायत न्हवं का."

रात्री त्यानं मला शिरूरवरून फोन केला आणि हे सांगितलं. सांगून झालं तरी फोन ठेवेना. मी 'इंद्या, इंद्या' करत राहिले. मग मला फोनमध्ये आवंढा गिळल्याचा आवाज आला.

रडत असेल. त्याचाच असणार तो. मी विचारलं नाही.

मी तेव्हा जेवत होते. उठून आधी पुढचं दार लोटून घेतलं.